'नंतर' आणि 'मुळे' : वैद्यकीय लेखनातील कार्यकारणभाव

हेतू, लिंग आणि औषध या तीन सूत्रांवर ज्या शास्त्राची उभारणी झाली आहे, त्या शास्त्राच्या अभ्यासकास कार्यकारणभाव म्हणजे काय हे वेगळे शिकविण्याची गरज पडू नये. रुग्णासमोर बसलेला वैद्य सतत हाच विचार करीत असतो. दोष कशाने कुपित झाला, दूष्य कोणते, स्रोतोरोध कोठे आहे, ही साखळी जोडल्यावाचून तो औषधाचे नाव उच्चारीत नाही. तथापि तोच वैद्य लेखणी हाती घेतो, तेव्हा चिकित्सालयातील ही सावधगिरी कागदावर पुष्कळदा उतरत नाही. या नियतकालिकासाठी आलेले रुग्णानुभव वाचताना आम्हास हे वारंवार जाणवते. औषधयोजना विचारपूर्वक असते, निरीक्षणही सूक्ष्म असते. परंतु एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना मधली पायरी गळून जाते. "रुग्णास अमुक कल्प दिला. पंधरा दिवसांत शोथ उतरला. म्हणून हा कल्प शोथघ्न होय." यांतील पहिली दोन वाक्ये साक्ष आहेत, तिसरे वाक्य निवाडा आहे. साक्षीपासून निवाड्यापर्यंतची वाट लेखकाने दाखविलेलीच नाही.

हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर आम्ही त्यास इतकी जागा दिली नसती. अशा लेखावरून एखादा तरुण वैद्य मात्रा ठरवितो, एखादा औषधनिर्माता माहितीपत्रक छापतो, आणि उद्या त्याच औषधावर आक्षेप आला तर बचावासाठी हाच लेख पुढे करावा लागतो. त्या वेळी गळलेली पायरी प्रतिपक्षास प्रथम दिसते.

शाळेत उभयान्वयी अव्ययांचे प्रकार आपण सर्वांनीच पाठ केले होते. 'आणि', 'व' ही समुच्चयबोधक. 'पण', 'परंतु' ही न्यूनत्वबोधक. 'कारण', 'का की' ही कारणबोधक. 'म्हणून', 'यास्तव', 'सबब' ही परिणामबोधक. (यांतील 'सबब' हा शब्द मूळचा कारण या अर्थाचा, पण मराठीत 'सबब सांगणे' म्हणजे निमित्त पुढे करणे असा अर्थ रूढ झाला. भाषेने हा निवाडा काही उगाच केला नसावा.) परीक्षा संपली आणि ते वर्गीकरण मागे पडले. वैद्यकीय लेखकाने ते पुन्हा काढून पाहावे, असे आम्ही सुचवितो. कारण यांतील प्रत्येक अव्यय हे स्वतंत्र विधान आहे. 'व' लिहिणारा दोन घटना केवळ शेजारी ठेवतो. 'नंतर' लिहिणारा त्यांचा क्रम सांगतो. 'मुळे' वा 'म्हणून' लिहिणारा मात्र एका घटनेने दुसरी घडविली अशी ग्वाही देतो, आणि ती ग्वाही सिद्ध करण्याचे दायित्व त्याच्यावर येते. ज्या लेखकाजवळ केवळ 'नंतर'पुरता पुरावा आहे त्याने 'मुळे' लिहू नये. झाडावर कावळा बसला आणि त्याच क्षणी ताडाचे फळ पडले, या काकतालीय न्यायाचा उल्लेख आपण इतरांच्या बाबतीत सहज करतो. तो स्वतःच्या हस्तलिखितासही लावून पाहावा.

मराठीत याहूनही एक सूक्ष्म चकवा आहे. तो म्हणजे 'ऊन' प्रत्ययाचे धातुसाधित. "काढा घेऊन ताप उतरला" असे आपण बोलतो व लिहितो. 'हात धुऊन जेवला' या वाक्यात धुणे हे जेवण्याचे कारण नाही, केवळ आधीची क्रिया आहे. 'विष खाऊन मेला' या वाक्यात खाणे हेच मरणाचे कारण आहे. रूप एकच, अर्थ दोन. बोलताना प्रसंगावरून उलगडा होतो. छापील लेखात लेखकास क्रम अभिप्रेत असला तरी वाचक कारण समजतो. शिवाय काढा घेणारा रुग्ण आणि उतरणारा ताप, असे या वाक्यात दोन कर्ते आहेत आणि 'घेऊन' हे रूप त्या दोघांना गुपचूप एका दाव्याला बांधते. व्याकरणाची ही फट म्हणजेच तर्काची फट होय. म्हणून असे वाक्य फोडावे. "रुग्णाने तीन दिवस काढा घेतला. तिसऱ्या दिवशी सायंकाळी ताप उतरला. तो तापाचा पाचवा दिवस होता." वाक्य फोडताच लिहिणाऱ्याच्याच मनात प्रश्न उभा राहतो की, पाचव्या दिवशी हा ज्वर औषधाविना उतरण्यातला होता की काय?

मैत्रेयाचा प्रश्न

हा प्रश्न पाश्चात्त्य संशोधनपद्धतीकडून उसना घेण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या, महाचतुष्पाद नामक अध्यायात तो मैत्रेयाने भगवान आत्रेयांस विचारलेलाच आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चारही पाद त्यांच्या सोळा गुणांसह उपस्थित असता काही रुग्ण बरे होतात, तर तशाच स्थितीत काही दगावतात. या पादांवाचूनही काही बरे होतात आणि काही दगावतात. मग चिकित्सेने विशेष काय साधले, असा मैत्रेयाचा आक्षेप आहे. लक्षपूर्वक पाहिल्यास मैत्रेयाने येथे चार घरांची चौकट मांडली आहे : चिकित्सा केली व बरा झाला, केली व बरा झाला नाही, न करता बरा झाला, न करता बरा झाला नाही. आजचे संख्याशास्त्र याच चौकटीपासून आरंभ करते. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक लेखांत मात्र या चारांपैकी पहिलेच घर भरलेले असते आणि उरलेली तीन रिकामी असतात.

आत्रेयांचे उत्तर लेखनाच्या दृष्टीने त्याहून उद्बोधक आहे. चिकित्सेवाचून सगळेच दगावतात असा दावा ते करीत नाहीत. पडलेला मनुष्य स्वतः उठण्यास समर्थ असला तरी दुसऱ्याने हात दिल्यास तो लवकर आणि विनासायास उठतो, असा दृष्टान्त ते देतात. आणि असाध्य व्याधी औषधाने बरे होत नाहीत हेही स्पष्ट सांगतात. म्हणजे त्यांनी दाव्याची मर्यादा आखली : साध्य व्याधीत, शीघ्रतेच्या व सुखाच्या बाबतीत, चिकित्सा कारण आहे. इतका नेमका दावा असला की तो तपासता येतो.

२००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. नाशिक जिल्ह्यातील मालेगावही तिच्यातून सुटले नाही. या रोगातील सांधेदुखी कित्येकांत आठवडे, काहींत महिने रेंगाळते आणि पुष्कळांत कालांतराने आपोआप ओसरते. अशा व्याधीत "गुग्गुळकल्पाने दोन महिन्यांत वेदना गेल्या" या वाक्यास फारसे मूल्य नाही. त्याच घरातील, त्याच आठवड्यात आजारी पडलेल्या व हा कल्प न घेतलेल्या व्यक्तीची वेदना किती काळ टिकली, एवढे एक वाक्य जोडले तरी लेखाचे वजन बदलते. ते वाक्य कल्पाच्या विरुद्ध गेले तरी लिहावे.

द्राक्षबागेतील कास : एक नमुना

येथे आमच्याच परिसरातील एक उदाहरण घेऊ. पुढील उतारा कोणा लेखकाचा नाही. वारंवार दिसणारे दोष एकत्र करून आम्हीच तो रचला आहे.

"निफाड परिसरातील थंडी फार कडक असते. द्राक्षबागेतील मजूर पहाटेपासून काम करतात. त्यामुळे त्यांना कास व श्वास होतो. आम्ही अनेक मजुरांना सितोपलादि चूर्ण व वासावलेह दिला. थंडी कमी होताच सर्वांस उपशम मिळाला. यावरून हे कल्प गुणकारी असल्याचे सिद्ध होते."

वरवर वाचता उतारा सुबोध आहे. परंतु पाचव्या वाक्याने सहाव्याचा पाया काढून घेतला, हे लेखकाच्या ध्यानात आलेले नाही. थंडी गेल्याने उपशम झाला असेल तर कल्पाचे श्रेय काय? आणि 'त्यामुळे' हा शब्द तिसऱ्या वाक्यात कशाच्या बळावर आला? नाशिककरास हे सांगावयास नको की ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा व भुरी या रोगांसाठी बागेत फवारण्या सुरू होतात, आणि बोर्डो मिश्रण, गंधक व इतर औषधांचा हा क्रम हिवाळ्यातही चालू राहतो. म्हणजे ज्या काळात थंडी असते त्याच काळात फवारणीही असते. दोन कारणे एकत्र नांदत असता लेखकाने डोळ्यांस दिसणारे एक उचलले आणि दुसऱ्याचे नावही घेतले नाही. त्याच गावात त्याच पहाटेच्या थंडीत दूध घालणारा मनुष्य असतो. त्यास कास होतो काय, एवढा एक प्रश्न विचारला असता तर थंडी आणि फवारणी यांची वाटणी करता आली असती.

माधवनिदानाच्या मधुकोश टीकेत विजयरक्षितांनी हेतूचे सन्निकृष्ट, विप्रकृष्ट, व्यभिचारी व प्राधानिक असे भेद सांगितले आहेत. परीक्षेत आपण ते लिहितो आणि लेखात वापरीत नाही, हे आश्चर्य आहे. हेमंतात संचित झालेला कफ वसंतात व्याधी उत्पन्न करतो, तेथे कारण व कार्य यांत ऋतूंचे अंतर आहे; तो विप्रकृष्ट हेतू. व्यभिचारी हेतू दुर्बल असतो, स्वबळाने व्याधी घडवू शकत नाही. लेखकाने 'कारण' हा एकच शब्द वापरण्याऐवजी कोणत्या जातीचे कारण तो सांगत आहे हे लिहिले, तर निम्मा गोंधळ मिटेल. आता तोच उतारा पुन्हा लिहून पाहू. आकडे केवळ नमुन्याचे आहेत.

"निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत काम करणाऱ्या आठ मजुरांना ऑक्टोबर छाटणीनंतर कास सुरू झाला. सहा जणांत तो फवारणीच्या दिवशी वाढे व बागेबाहेरील कामाच्या दिवशी घटे. दोघांत असा संबंध आढळला नाही. थंडी मात्र आठही जणांना सारखीच होती. म्हणून पहिल्या सहांमध्ये फवारणी हा सन्निकृष्ट हेतू असावा आणि थंडी एकटी असती तर व्यभिचारी ठरली असती, असे आम्हास वाटते. या सहा जणांना फवारणीच्या दिवशी दुसरे काम देण्यात आले व सितोपलादि चूर्णही दिले. तीन आठवड्यांत कास कमी झाला, आणि तोपर्यंत थंडी ओसरली नव्हती. तथापि निदानपरिवर्जन व औषध एकाच वेळी योजल्यामुळे उपशमाचे श्रेय एकट्या औषधास देता येत नाही."

दुसरा उतारा लांब झाला आणि त्यातील दावा लहान झाला. आमच्या मते हा सौदा फायद्याचा आहे. 'म्हणून' येथेही आहे, पण त्याच्या आधी तीन वाक्यांचा आधार आहे. 'असावा' या क्रियापदाने त्या आधाराची मर्यादाही सांगितली आहे. फवारणीच्या दिवशी वाढणे आणि एरवी घटणे ही उपशय-अनुपशयाचीच परीक्षा होय. ऊरुस्तंभ आणि वातव्याधी यांचा भेद तैलप्रयोगाने लाभ होतो की पीडा वाढते यावरून जसा ओळखतात, तसाच हा प्रकार. 'तथापि' हा शब्द तर आम्हास लेखातील सर्वांत प्रामाणिक शब्द वाटतो. ज्या रुग्णानुभवात तो एकदाही येत नाही, तो लेख आम्ही दोनदा वाचतो.

गुळवेलीचा वाद

आता जे प्रकरण आपणा सर्वांच्या दारापर्यंत आले होते त्याकडे वळू. २०२० साली कोविडच्या भयाने घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. त्या वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी यकृतविकाराचे सहा रुग्ण पाहिले. या सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये त्यांचा निबंध 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि वृत्तपत्रांतून "गुळवेलीमुळे यकृत निकामी" अशा आशयाच्या बातम्या आल्या. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने निवेदन काढून आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच होती हे निबंधकर्त्यांनी तपासलेले नाही. टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसावयास जवळची वनस्पती असू शकते. मात्रा आणि सोबतची औषधेही स्पष्ट केलेली नाहीत.

हा वाद म्हणजे कार्यकारणपर लेखनाचा उत्तम पाठ आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंस शिकण्यासारखे आहे. चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वादमार्ग सांगताना 'संशयसम' नावाचा अहेतू वर्णिला आहे. आयुर्वेदाचा एखादा भाग बोलून दाखविणारा मनुष्य वैद्य आहे की नाही असा संशय आला असता, तो आयुर्वेदाचा भाग बोलतो म्हणून वैद्य होय, असे उत्तर देणे म्हणजे संशयसम. ज्या गोष्टीने संशय उत्पन्न केला तीच गोष्ट संशय फेडण्यासाठी वापरता येत नाही. (हे उदाहरण आजच्या काळातही किती जणांना लागू पडेल, ते वाचकांनीच ठरवावे.) "रुग्णाने गुळवेल घेतली होती" हे संशयाचे कारण आहे. त्यावरूनच "म्हणून गुळवेलीने यकृत बिघडले" असे लिहिणाऱ्या वृत्तपत्राने संशयसम दोष केला. निबंधकर्त्यांनी विषाणूजन्य कावीळ, मद्य इत्यादी अन्य कारणे वगळण्याचा प्रयत्न केला होता, त्यामुळे त्यांचा निबंध बातमीहून पुष्कळ सावध होता; परंतु द्रव्याची ओळख ही साखळीतील पहिली कडी ढिली राहिली, आणि मंत्रालयाने नेमके तेथेच बोट ठेवले.

पण आपल्या बाजूने जे लिहिले गेले तेही तपासू. "गुळवेल सहस्रावधी वर्षे वापरात आहे, म्हणून ती अपाय करूच शकत नाही" हा युक्तिवाद आपल्यापैकी पुष्कळांनी केला. प्रकृती, मात्रा, काल आणि संयोग यांचा विचार न करता घेतलेले उत्तम औषधही विषवत् ठरते असे चरकानेच सांगितले असता, 'करूच शकत नाही' हे विधान कोणत्या शास्त्रातून आले? शास्त्रोक्त वापराचा अनुभव शास्त्रोक्त वापरापुरताच प्रमाण आहे. शेजारच्याने सांगितले म्हणून महिनोनमहिने रोज सकाळी पेलाभर काढा पिणाऱ्या मनुष्यास तो लागू करता येत नाही. "ती क्रिस्पा असावी" हाही तूर्त संशयच. क्रिस्पा होती हे दाखविण्याचे दायित्व तसे म्हणणाऱ्यावर आहे.

पुढे २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास 'हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स'मध्ये आला. त्यात कार्यकारणसंबंधाच्या पायऱ्या लावलेल्या होत्या; सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे ६७.४ टक्के रुग्णांत तो 'संभाव्य' या पायरीचा ठरला. ज्यांना आधीपासून यकृतविकार होता त्यांची स्थिती अधिक बिघडली. आणि औषधालयाच्या मालकांनी लक्षपूर्वक वाचावी अशी गोष्ट ही की, बहुधा सेवन झालेली गुळवेल ही बिननावाची वा ताजी वनस्पती होती. या निष्कर्षावर मतभेद असू शकतात. पण त्यास उत्तर द्यावयाचे तर ते त्याच पायऱ्यांनी द्यावे लागेल. परंपरेच्या गौरवाने साखळीतील कडी तुटत नाही. आमच्यापुरते सांगावयाचे तर, ज्ञात यकृतविकार असलेल्या रुग्णास गुळवेल दीर्घकाळ देताना यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात, इतके सावधपण या पुराव्याने आपल्याकडून मागितले आहे असे आम्ही मानतो.

असाच प्रसंग पूर्वीही आला होता. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. धातू सापडणे आणि त्याने रुग्णास विषबाधा होणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. तसेच, "भस्मे शोधन-मारणाने निर्विष होतात" या उत्तरातही "ही विशिष्ट १४ उत्पादने तशी सिद्ध केलेली होती" ही पायरी गाळलेली होती. वाद पुष्कळ दिवस चालला. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीसाठी वनस्पतिज औषधांची जड धातूंबाबत तपासणी सक्तीची झाली, आणि तेव्हा उत्पादकांच्या हाती युक्तिवादाऐवजी अहवाल आला.

विपरीत परिणामांची नोंद करण्याची व्यवस्था आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी २००८ साली जामनगर येथे केंद्र ठेवून सुरू झाली. पुढे तिचे समन्वयन नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत 'निश्चित', 'संभाव्य', 'शक्य', 'असंभाव्य' अशा पायऱ्या आहेत. या शब्दांची सवय आपण गुणवर्णनाच्या लेखांतही लावून घ्यावी. औषधाने अपाय झाला म्हणताना 'शक्य' आणि उपाय झाला म्हणताना 'सिद्ध', अशी दोन मापे ठेवता येणार नाहीत.

येत्या अंकांसाठी रुग्णानुभव पाठविणाऱ्यांस आमची विनंती आहे की, हस्तलिखित पूर्ण झाल्यावर त्यातील प्रत्येक 'म्हणून', 'मुळे', 'त्यामुळे', 'यावरून' आणि कारणार्थी 'ऊन' यांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. रेघेच्या आधीचा मजकूर झाकून पुढचे विधान मोठ्याने वाचावे, आणि मग आधीचा मजकूर उघडून तो त्या विधानास पुरतो की नाही हे एखाद्या सहकाऱ्यास विचारावे. शक्य तर त्या रुग्णाविषयी काहीच ठाऊक नसलेल्या सहकाऱ्यास. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे प्रबंध सादर करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हा उपाय सांगून पाहावा. विशेषतः चर्चेच्या प्रकरणात, जेथे संप्राप्तीची साखळी लिहिताना आमपाचनापासून धातुपुष्टीपर्यंत एका परिच्छेदात उडी घेतली जाते.

आणि औषधालयाच्या मालकांसाठी : लेखात ज्या द्रव्याचा उल्लेख होणार आहे त्याचा पुरवठादार, खरेदीची तारीख, बॅच क्रमांक आणि द्रव्यगुणाच्या जाणकाराने केलेली ओळख यांची नोंद वैद्यास मागण्यापूर्वीच द्यावी. गुळवेल ताजी विकत असल्यास प्रत्येक खेपेतील कांडाचा वीतभर तुकडा सावलीत सुकवून, कागदात गुंडाळून, वर खेपेची तारीख लिहून फडताळात ठेवावा. निदान रुग्णाचा उपचारक्रम पूर्ण होईपर्यंत तो टाकू नये.